सात हजारांचं गहाण: खर्डेकर सरांच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

खाशाबा जाधवांची गोष्ट कोल्हापुरात कुणीही सांगायला लागलं, की एक वाक्य हमखास येतं: "राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण टाकून त्यांना ऑलिंपिकला धाडलं." एवढं सांगून गोष्ट पुढे सरकते आणि थेट हेलसिंकीला पोचते. मग पदक येतं, बैलगाड्यांची मिरवणूक येते, पुढची उपेक्षा येते. खर्डेकर सर त्या एका वाक्यात मागे राहतात.

तरुणांना हात देणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी आपण नेहमी एकाच सुरात बोलतो. मोठ्या मनाचे होते, सगळ्यांना सांभाळून घ्यायचे, देवमाणूस होते. हे खरंही असतं. पण त्या माणसाने नेमकं काय केलं, कोणत्या घडीला केलं, दुसरं काय करता आलं असतं आणि त्याने हेच का केलं, हे त्यात हरवतं. म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांचा हा एकच निर्णय मी इथे उलगडून बघतो आहे. त्यांचं स्मरण करायचं तर मला हीच रीत प्रामाणिक वाटते.

प्रसंग

साल 1952. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघायचं होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा, राजाराम कॉलेजात शिकलेला खाशाबा दादासाहेब जाधव हा सव्वीस वर्षांचा पैलवान फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोत, भारताकडून लढणार होता. निवड झाली होती, पण जायला पैसे नव्हते. खेळाडूचा सगळा खर्च देश उचलतो, ही आजची सवय. तेव्हा प्रवासाची नि राहण्याची तजवीज बहुतेकांना स्वतःच बघावी लागे.

निवडही सरळ पदरात पडली नव्हती. निवडीच्या कुस्तीत गुण देताना आपल्यावर अन्याय झाला, अशी खाशाबांची तक्रार होती. ती घेऊन ते पटियालाच्या महाराजांपर्यंत गेले, कुस्ती पुन्हा लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली. एवढ्या खटपटीनंतर गाडी अडली ती पैशांवर.

मुंबई राज्याच्या सरकारकडे खाशाबांनी 4,000 रुपये मागितले. स्पर्धा झाल्यावर या, असं उत्तर मिळाल्याचं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. गोळेश्वर आणि कराड परिसरातल्या लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली. कुणी रोख दिली, कुणी शिधा दिला. तरी मोठा आकडा भरेना. तेव्हा खर्डेकर सरांनी आपलं राहतं घर बँकेकडे गहाण ठेवलं आणि 7,000 रुपये उभे केले.

ही रक्कम आज छोटी दिसते. त्या काळी सोन्याचा भाव तोळ्याला शंभराच्या आत होता. म्हणजे सत्तर तोळ्यांहून जास्त सोनं येईल, एवढे ते पैसे होते.

चार वर्षांपूर्वी काय घडलं होतं

हा निर्णय समजून घ्यायला 1948 कडे जावं लागतं, आणि त्याही थोडं मागे.

कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय होता, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले, रोमचं जुनं कलोसियम पाहून आले, आणि 1912 पर्यंत खासबागेत कुस्तीचं मैदान उभं राहिलं. मधला हौद खोलगट आणि भोवती चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पाठ लागली का नाही ते दिसतं. देशभरचे मल्ल इथे तालमीत राहायचे आणि त्यांचा खुराक संस्थानातून चालायचा. पोटाची काळजी नसेल तेव्हाच पैलवानाचं डोकं डावाकडे लागतं, हे महाराजांना पक्कं कळलं होतं.

शाहू महाराज गेल्यावरही ही परंपरा पूर्ण तुटली नाही. खाशाबा 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा खर्चाला कोल्हापूरच्या छत्रपतींचा मोठा हातभार होता. फ्लायवेट गटात ते सहावे आले. आधीचं सगळं आयुष्य लाल मातीत गेलेलं आणि लंडनला कुस्ती मॅटवर.

हा फरक तालमीत न उतरलेल्याला चटकन कळत नाही. आमच्याकडची माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेला असतो. ती रोज खोऱ्याने उकरून मऊ करतात. पाय तिच्यात थोडा रुततो, पकडीत अंगाला माती लावली की घाम असूनही हात सुटत नाही, आणि पडल्यावर माती अंग झेलते. मॅटवर पाय रुतत नाही, अनवाणी चालत नाही, बूट लागतात. घामाचं अंग हातातून निसटतं. मातीवर निकाल एकच: पाठ टेकली, चितपट झाली, कुस्ती संपली. तिथे पावलागणिक गुण मोजले जातात. मातीतला पैलवान प्रतिस्पर्ध्याला दमवत, अंदाज घेत अर्धा तास खेळू शकतो. मॅटवर तेवढा वेळच मिळत नाही. हे सगळं लंडनला जाऊन थोडक्या दिवसांत शिकत खाशाबांनी सहावा नंबर काढला. ज्याला कुस्ती कळते, त्याला त्या सहाव्या नंबरात पुढचं पदक दिसलं असणार. ज्याला कळत नाही, त्याच्या लेखी पोरगं हरून परत आलं.

मग 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. या प्रकरणाची खरी मेख मला इथे दिसते. 1948 ला पाठीशी दरबार होता. 1952 ला दरबार उरला नव्हता, आणि त्याच्या जागी आलेल्या सरकारात खेळाडूला पैसे देण्याची रीत अजून बसायची होती. एक छप्पर उडालं होतं आणि दुसरं अजून घालायचं होतं. खाशाबांच्या उमेदीची वर्षं नेमकी या मधल्या फटीत सापडली. ती फट एका मास्तरच्या घराने बुजवली.

सरांपुढे कोणते मार्ग होते

घर गहाण टाकणं हा शेवटचा मार्ग असतो. त्याच्या अलीकडे बरंच काही करता येतं, आणि त्यातलं काहीही केलं असतं तरी सरांना कुणी नावं ठेवली नसती.

शिफारसपत्र देता आलं असतं. बॅरिस्टर आणि प्राचार्य माणसाच्या सहीला वजन होतं. पण सरकारचं उत्तर बघता त्या पत्राचं काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

वर्गणीची यादी फिरवता आली असती. कोल्हापूरला हे नवं नाही. पेठेत एकाने वही काढली की संध्याकाळपर्यंत पानं भरतात. पण वर्गणी हप्त्याहप्त्याने येते, आणि परदेशच्या प्रवासाचे पैसे एकदम, ठरल्या तारखेच्या आत भरावे लागतात. वर्गणीत आकडा लिहिणारे शंभर असतात, जबाबदार मात्र कुणीच नसतो. सात हजार म्हणजे दहा दहा रुपयांचे सातशे देणगीदार. तेवढे गोळा होईपर्यंत हेलसिंकीचा सोहळा उरकला असता.

आपल्याला झेपेल तेवढी रक्कम देऊन मोकळं होता आलं असतं. पाचशे हातावर ठेवायचे, पाठीवर थाप मारायची, "बाकीचं बघ बाबा" म्हणायचं. बहुतेक सज्जन माणसं हेच करतात. त्यात वाईट काही नाही. फक्त उरलेली जुळवाजुळव पोराच्या मानेवर राहते, आणि ऐन सरावाच्या महिन्यात ते दारोदार हिंडत बसतं.

आणखी एक मार्ग होता, तोच सगळ्यांत शहाणपणाचा दिसतो: पुढच्या वेळी बघू. पुढचं ऑलिंपिक 1956 ला. तोवर खाशाबांनी तिशी गाठली असती. पैलवानाची चार वर्षं गेली म्हणजे काय जातं, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

सरांनी हे सगळं बाजूला ठेवून पूर्ण रकमेची जोखीम एकट्याच्या नावावर घेतली. गहाणखताचा अर्थ त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होता, ते बॅरिस्टर होते. खाशाबा पहिल्याच फेरीत हरले असते, त्यांचा गुडघा दुखावला असता, तर पैसे बुडाले असते आणि घरावर जप्ती येऊ शकली असती. आणि घर कधी एकट्याचं नसतं. ज्यांच्या नावावर ते नसतं, त्यांचंही छप्पर त्या कागदावर चढतं.

माणूस कसा पारखला

मग प्रश्न येतो, एवढा भरवसा कशावर?

राजाराम कॉलेजातली एक आठवण खाशाबांच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना कुस्तीला उतरायचं होतं. अंगकाठी लहान, उंची बेताची. क्रीडाशिक्षकांनी नाव घ्यायला नकार दिला. समोरचे गडी थोराड होते, पोराला इजा व्हायची, ही त्यांची काळजी असणार. खाशाबा प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि या लहानखुऱ्या पोराने आपल्याहून मोठ्या मल्लांना लोळवलं.

ही आठवण मला सात हजारांच्या तोडीची वाटते. घर गहाण टाकायची वेळ आली तेव्हा सरांचा विश्वास कोरा नव्हता. आधी फुकटात देता येण्यासारखी गोष्ट, म्हणजे एक संधी, देऊन झाली होती, आणि पोराने तिचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. नंतर लंडनचा सहावा नंबर आला. निवडीत अन्याय झाला तेव्हा रडत न बसता पटियालाच्या महाराजांपर्यंत जाऊन हक्काची कुस्ती मागून घेतली, हेही दिसलं. बँक तारण मागते तेव्हा जमीन बघते, दागिने बघते. सरांनी पोराचं तारण असं पायरीपायरीने पाहून ठेवलं होतं.

मदत करणाऱ्यांचं बऱ्याचदा उलट होतं. ओळखपाळख नसलेल्या पोराला भावनेच्या भरात मोठी रक्कम दिली जाते, ती वाया जाते, आणि मग "आजकालच्या पोरांना किंमत नाही" म्हणून दहा जणांना दार बंद होतं.

दुसरीही एक गोष्ट आहे. पहिल्या वेळी मदत करणारे पुष्कळ मिळतात. गावचं पोरगं लंडनला चाललंय म्हटल्यावर सगळ्यांना हुरूप येतो. पदक न घेता परत आलेल्याला दुसऱ्यांदा पाठवायचं, तेव्हा हात आखडतात. सरांचा पैसा या दुसऱ्या खेपेला आला.

हेलसिंकी

कुस्तीचं वर्णन इथे लांबवत नाही, ते इतरांनी भरभरून केलं आहे. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी हरवलं. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता. पुढे जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती झाली. ती गेली, आणि इशीने पुढे सुवर्ण घेतलं. दम घ्यायला पुरेसा वेळ न मिळता खाशाबांना सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं गेलं. नियमाने विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला तिथे आपला अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. तीही कुस्ती गेली. 23 जुलै 1952 ला कांस्यपदक नक्की झालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडलं, आणि कुस्तीतलं यायला 2008.

त्याच ऑलिंपिकला कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. एका पायरीने त्यांचं पदक हुकलं, आणि ते नाव आज आमच्याच शहरात फार थोड्यांना माहीत आहे. तालमीत पोरांना खाशाबांची गोष्ट सांगताना माणगाव्यांचं नाव घ्यायला विसरू नये, एवढी माझी विनंती आहे.

परतफेड

खाशाबा परतले तेव्हा दीडशेवर बैलगाड्या घेऊन लोक सामोरे गेले. एरवी पंधरा मिनिटांत संपणाऱ्या वाटेला सात तास लागले. ढोल, हलगी, गुलाल. हे सगळं झालं, आणि मग खाशाबांनी जे केलं त्यामुळे हे प्रकरण नुसत्या दातृत्वाची कथा राहत नाही. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या खेळल्या, त्यातून पैसा उभा केला आणि तो खर्डेकर सरांच्या हवाली केला. घर सुटलं.

ऑलिंपिकचं पदक गळ्यात असलेला माणूस पुन्हा मातीत उतरला तो गुरूचं घर सोडवायला. हे लिहिताना आजही ऊर भरून येतो.

पण भावना क्षणभर बाजूला ठेवून बघू. पैलवानाला आपल्या अंगावर कमावण्याची एक जागा होती, ती म्हणजे मैदान. कुस्तीला इनाम असतं, कोल्हापूरचा प्रेक्षक तिकीट काढून येतो, नावाजलेल्या मल्लाची जोड लागली की मैदान भरतं. सरांनी पोराला अशा वाटेवर पुढे नेलं, की परत आल्यावर त्याची किंमत त्याच्याच शहरात वाढलेली असणार होती. सरांनी हे हिशेबाने केलं असं मी म्हणत नाही. माझा अंदाज एवढाच, की त्यांनी खाशाबांना गरजू म्हणून पाहिलं नाही, कर्तबगार म्हणून पाहिलं. गरजू म्हणून ज्याला मदत मिळते तो आयुष्यभर मिंधा राहतो. कर्तबगार म्हणून मिळते, त्याला परतफेडीचा मान मिळतो. खाशाबांनी तो मान घेतला आणि सरांनी तो घेऊ दिला. "राहू दे रे पोरा, कशाला" असं म्हणून पैसे नाकारणं दिसायला मोठेपणाचं असतं, पण घेणाऱ्याला ते कायमचं देणेकरी ठेवतं.

हा निर्णय कुठवर पुरला

एका माणसाचं औदार्य एक उडी पार करून देतं. सबंध आयुष्य त्याच्यावर निभत नाही. खाशाबा 1955 ला पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि पुढची वर्षानुवर्षं त्यांना बढती मिळाली नाही. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही झगडावं लागलं. 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात ते गेले. 2000 सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर जाहीर झाला, आणि 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राने राज्य क्रीडा दिन म्हणून स्वीकारला तो 2023 मध्ये. सरकारी यंत्रणेने जे करायचं ते सर करू शकत नव्हते. त्यांनी स्वतःच्या हातातलं केलं, तेही वेळेवर.

"वेळेवर" या शब्दावर आमच्या शहराने थांबून विचार करावा असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे कौतुकाला कमी नाही. पोरगं जिंकून आलं की ताराराणी चौकापासून मिरवणूक, फ्लेक्स, शाल, श्रीफळ, फेटा. मंडळं आणि तालमी यात जीव ओततात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतलं, तेव्हा खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळालं. राज्य सरकारने 1 कोटीचं बक्षीस जाहीर केलं. ते योग्यच होतं. पण नेमबाजीच्या महागड्या गोळ्यांसाठी सुरुवातीच्या काळात वडिलांना कर्ज काढावं लागलं होतं, हेही त्याच दिवसांत सगळ्यांनी वाचलं. म्हणजे पदकाच्या आधीचं गहाण अजून घरच्यांच्याच नावावर पडतं.

एखाद्या कॉलेजात, तालमीत किंवा पेठेतल्या अभ्यासिकेत हे प्रकरण चर्चेला घेतलंत, तर "आपण किती देऊ शकतो" इथून सुरुवात करू नका. आधी पोरांना विचारा, तुला पैसे कोणत्या तारखेच्या आत लागतात? स्पर्धेची प्रवेश फी, पासपोर्ट, राज्याबाहेरच्या शिबिराचं रेल्वे तिकीट, तीन महिन्यांचा खुराक, परीक्षेआधीचं खोलीभाडं, प्रत्येकाची तारीख वेगळी निघेल. ती वहीत पोराच्या नावासमोर लिहा, आणि त्याच ओळीत एका वडीलधाऱ्या माणसाचं नाव घाला. मंडळाचं किंवा समितीचं नाव तिथे चालणार नाही.